खिरीला थांबलेले चोर

थिएटरात लोक माझ्या मायवर खदाखदा हसत होते, तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. मागचा म्हणाला, "मॅडम, बसा ना, दिसत नाही." बसले नाही. डोकं अजून थंड झालेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव तेलुगू मुलखात, आदिलाबादकडच्या नेरडीगोंड्याजवळ, हायवेला लागून. बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून रस्त्याच्या कडेला चुलीवर खिरीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, मांडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात दाखवून थांबवतात. ट्रकवाला असो की कारमधला साहेब, खीर खाल्ल्याशिवाय सोडायचं नाही. वाढायला माझी माय. जन्मभर लोकांच्या वावरात कापूस वेचला तिनं. मी शिक्षिका झाले, पण त्या दिवशी पळी तिच्याच हातात. कुणी घाई आहे म्हणालं तर ती सरळ गाडीचं हँडल धरते.

काही वर्षांपूर्वी अशाच पौर्णिमेला दोन पोरं मोटरसायकलवर सुसाट आली. मायनं हात आडवा केला आणि ती चक्क थांबली! बाजारातल्या सोनाराचं दुकान लुटून पळत होते भामटे. लुटलं काय, तर दागिन्यांची समजून सोनाराच्या जेवणाच्या डब्याची पिशवी. ती हँडलला लटकत होती. एक जण पळताना शटरवर आपटला होता, त्याचं मनगट फाटलं होतं. हे सगळं आम्हाला मागून कळलं. पळून जायचं सोडून खिरीला काऊन थांबले, हे पोलिसांना शेवटपर्यंत उमगलं नाही. अहो, पोरं इकडचीच. पौर्णिमेच्या खिरीला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही.

मायला फक्त रक्त दिसलं. तिनं त्याचा हात धुतला, फडकं बांधलं आणि द्रोण दिला. दोघं मांडी घालून खात होते तेवढ्यात जीप आली. शिपायानं उतरल्या उतरल्या जखमी पोराच्या कानाखाली काढली. खीर मातीत सांडली. माय मधे जाऊन उभी राहिली.

"चोर हायेत त न्या, साहेब. म्या कुटं नाही म्हनलं? पन जेवाले बसलेल्या मानसाले हात नोका लावू. खाऊ द्या, मंग न्या."

शिपायानं तिला ढकललं. ती उकळत्या गंजावर जाता जाता वाचली, पण जागची हलली नाही. तिनं नवा द्रोण भरला. पोरांनी खाल्लं, पाणी प्यायले आणि आपल्या पायानं जीपमध्ये जाऊन बसले.

ही बातमी ऐकून हैदराबादचे सिनेमावाले आले. अम्मा अम्मा करत आमच्या अंगणात बसले, दोनदा चहा प्यायले. मायनं काही न लपवता सांगितलं. आपली हिंमत पडद्यावर दिसणार म्हणून वस्तीभर सांगत फिरली बिचारी. सिनेमा लागला तेव्हा मी तिला घेऊन आदिलाबादला गेले. ती ठेवणीतली साडी नेसली होती.

डब्याच्या पिशवीवर मीही पोट धरून हसले, खोटं काऊन बोलू? चोरांची फजिती झाली, हसावंच. पण मग पडद्यावर भडक साडीतली, तोंडात तंबाखू कोंबलेली एक बाई आली. मोडकंतोडकं तेलुगू बोलणारी. माझ्या मायचं तेलुगू माझ्यापेक्षा चांगलं आहे! पोलीस चोरावर धावून येतो आणि ही बावळट त्याच्याच तोंडापुढे पळी धरून म्हणते, "सार, तिनंडि." साहेब, खा! पोलीस हसतो, चोर हसतो, थिएटर हसतं. थप्पड नाही, धक्का नाही. बाईनं मार अडवला होता रे, नालायकांनो! तेवढंच नेमकं काढून टाकलंत?

"हे मीच व्हय का वो?" मायनं विचारलं.

"नाही, माय. दुसरी कोणी आहे."



मग सुरू झालं. रस्त्यानं जाणारी पोरं तिला बघून ओरडायची, "सार, तिनंडि!" तिनं बाजाराला जाणं सोडलं. शाळेत एक सर म्हणाले, "मनावर काय घेता मॅडम, कॉमेडी आहे." म्हटलं, "मग तुमच्या आईवर काढायला सांगा ना!" तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, बरंच झालं. सिनेमावाल्याला फोन केला तर म्हणतो, "लोकांना सगळ्यात जास्त अम्माच आवडली." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

यंदा पौर्णिमेला मायनं पळी माझ्या हातात दिली. "तूच वाढ. मले पाहून लोक हासतीन. आजच्या दिसाचं हसं होईन."

मी उभी राहिले. थोड्या वेळानं एक कार थांबली. आतली पोरं म्हणाली, "ती खीरवाली अम्मा कुठं आहे? व्हिडिओ काढायचा होता."

"निघा इथून!" मी ओरडले. "तिच्या हातचं खायची लायकी नाही तुमची!"

आवाज घरापर्यंत गेला. माय तरातरा आली आणि तिनं माझ्या हातातली पळी हिसकावली. "पौर्णिमेले दारी आलेल्याले हाकलून राह्यली? लाज नाही वाटत?" सगळ्यांसमोर मला झापलं. मी तिच्यासाठी भांडत होते!

पोरानं मोबाइल वर केला. मायनं पदर डोक्यावर घेतला आणि पुढं ओढला, पार हनुवटीपर्यंत. माझी माय कधी कुणासमोर तोंड झाकणारी नव्हती. दुसऱ्या हातानं तिनं चाचपडत द्रोण उचलला आणि त्यांना खीर वाढली.