खडकातली तीन भोकं

स्टाइनवोग गावात ओड्वार हाउगेनशी भांडण न झालेला माणूस शोधायचा तर पाळण्यात शोधावा लागला असता. बरं, भांडणं कशावरून? जमिनीवरून नाही, होडीवरून नाही. लेन्सवरून आणि ट्रायपॉडवरून.

गावात कुणी नवा कॅमेरा घेतला की ओड्वार त्याला बोटीच्या धक्क्यावरच गाठायचा. झूम लेन्स दिसली तर विचारायचा, "पाय मोडलेत का तुझे? चार पावलं पुढे जायला काय होतं?" लेन्सवर फिल्टर दिसला तर म्हणायचा, "एवढं चांगलं भिंग घेतलंस आणि त्याच्यापुढे खिडकीची काच लावलीस?" वजनाला हलक्या, महागड्या ट्रायपॉडला तो गळाची काठी म्हणे. गावच्या डॉक्टरने असाच एक ट्रायपॉड आणला आणि तो वाऱ्याने हलू नये म्हणून त्याला खाली पिशवी टांगली. पिशवीच वाऱ्यावर झुलायला लागली. "छान झोपाळा केलास, आता एखादं पोर बसव त्यात," असं ओड्वार चारचौघांत म्हणाला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

पण त्याचा खरा दात होता तो मधल्या दांडीवर. ट्रायपॉडच्या तीन पायांमधून वर सरकते ती दांडी. "ती वर काढली की तीन पायांचा एक पाय होतो," तो म्हणायचा. "उंची हवी तर पाय लांब करा, नाहीतर गप्प बसा." त्याच्या स्वतःच्या लाकडी ट्रायपॉडचे पाय पुरते लांब केलेले असत आणि दांडी गंजेल अशा बेताने खाली दाबलेली असे.

सतरा मेला, नॉर्वेच्या राष्ट्रीय सणाला, मिरवणूक संपली की सगळं गाव सणाच्या कपड्यांत चर्चच्या पायऱ्यांवर उभं राही आणि ओड्वार फोटो काढी. समोरच्या खडकात त्याने छिन्नीने तीन भोकं पाडली होती. ट्रायपॉडची लोखंडी टोकं दरवर्षी त्याच भोकांत बसत. कॅमेरा जुना, पंज्याएवढी फिल्म घेणारा. सबंध एक सेकंद कुणी हलायचं नाही आणि फोटो एकच. कुणाचे डोळे मिटले, कुणी हललं, तरी दुसरा नाही. "वर्षभर वेळ होता डोळे उघडायला," हे त्याचं ठरलेलं उत्तर. ते सगळे फोटो सभागृहाच्या भिंतीवर ओळीने लागले होते.

मागच्या वर्षी मात्र फोटोत चर्चचं दार स्वच्छ आलं आणि माणसं सगळी धुक्यात. ओड्वारने थंडीला दोष दिला, मग लेन्सला, मग बँडवाल्यांना. त्याची बहीण बेरित सणाच्या समितीची प्रमुख. ती भर सभेत म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. ओड्वार, डोळे दाखव." डोळे दाखवायचे म्हणजे आधी त्या डॉक्टरकडे जायचं. तो गेला नाही. समितीने यंदाचा फोटो काढायचं काम बेरितच्या मुलीला, सुन्निवाला दिलं. ती बर्गनला जाऊन हेच शिकून आली होती.

ओड्वारने आरडाओरडा केला नाही, याचंच सगळ्यांना नवल वाटलं. त्याने फक्त अट घातली. कॅमेरा माझा, लेन्स माझी, ट्रायपॉड माझा, भोकं माझी, फोटो एकच आणि फिल्म धुणार मी. पोरीची फजिती व्हावी, तीही अख्ख्या गावासमोर, एवढीच त्याची इच्छा होती. सख्खी भाची असली म्हणून काय झालं.

सतरा मेला बेरितने त्याला पहिल्या ओळीत उभं केलं. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या पायऱ्यांवर उभा राहिला. शेजारच्या माणसांना सरळ उभं करण्यात, पोरांच्या हातातली आइस्क्रीमं खाली घ्यायला लावण्यात त्याचा वेळ गेला. सुन्निवा चर्चच्या झेंड्याकडे बघत वारा पडायची वाट पाहत होती. झेंडा खाली लोंबला.

"स्तब्ध," ती म्हणाली.

ओड्वारने समोर पाहिलं. तिन्ही पाय भोकांत नीट बसलेले, आणि कॅमेऱ्याखाली वीतभर उघडी दांडी.

"दांडी खाली घे, गाढवे," तो हात उगारून ओरडला, आणि तेवढ्यात तो एक सेकंद संपला.

पायऱ्यांवर हसण्याची लाट उठली. ओड्वार मात्र खूश होता. वर काढलेली दांडी हलल्याशिवाय राहत नाही. त्याने फिल्म उचलली आणि तडक आपल्या तळघरात गेला.

धुतलेली फिल्म त्याने दिव्याच्या काचेवर ठेवली, वर भिंग ठेवलं आणि नेहमीसारखा उजवा डोळा लावला. सगळं धुरकट. वर वाट पाहत थांबलेल्या बेरितला आणि सुन्निवाला त्याने खाली हाक मारली.

"बघा. हललाय. सांगत होतो मी."

सुन्निवा वाकली. "मामा, दारावरचे खिळे मोजता येतायत."

"खोटं."

"ओड्वार, दुसऱ्या डोळ्याने बघ," बेरित म्हणाली.

त्याने डावा डोळा लावला. दारावरचा खिळा न् खिळा दिसत होता. पोरांच्या शर्टांची बटणं दिसत होती. मागच्या ओळीत, एरवी नुसत्या टोप्या दिसायच्या तिथे, त्या वीतभर उंचीमुळे बुटक्या बेरितचा अख्खा चेहरा होता. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं झालेलं असूनही तो ओळखता येत होता. इतक्या वर्षांच्या फोटोंत ती एकदाही दिसली नव्हती, आणि दरवेळी तिने तसं सांगितलं की तो म्हणायचा, पुढे उभी राहा. समितीने मागे उभं राहायचं असतं हे त्याला माहीत होतं.

सगळ्या गावात एकच माणूस हलला होता. पहिल्या ओळीत, तोंड वासून, हाताच्या जागी नुसता फराटा.

ओड्वारने पुन्हा उजवा डोळा लावला. पुन्हा धुरकट. आतून त्याला रडू येत होतं आणि त्याचाही त्याला राग येत होता.

"दुसरा काढूया का, मामा? माणसं अजून तिथेच आहेत," सुन्निवाने विचारलं.

"फोटो एकच असतो," तो म्हणाला. "हाच लागेल भिंतीवर."

त्याने भिंग रुमालाने पुसलं, डबीत ठेवलं, परत काढलं, परत पुसलं.

"डॉक्टर सोमवारी असतो का?"

"असतो," बेरित म्हणाली. "पण आधी त्याची माफी मागावी लागेल तुला."

"कसली? झोपाळ्याची?"

"झोपाळ्याचीच."

"पिशवी झुलत होती," ओड्वार म्हणाला, आणि टोपी घेऊन वर गेला.