काकडीच्या घरच्या वेली

तणनाशकाविरुद्ध मी काढलेल्या पत्रकात एक चूक होती. ती जळगावातल्या एकाही शिकलेल्या माणसाला दिसली नाही. जवळच्या असोदा गावात केळीत निंदायला येणाऱ्या अक्कांना दिसली.

पत्रकावर बांधावरच्या बारा वनस्पतींचे फोटो होते. वर ठळक अक्षरांत: यांना मारू नका. केळीच्या बागेत मी ते वाटत होते, कारण बागेचे मालक आबा तणनाशकाचा डबा घेऊन आले होते. मागच्या लागवडीत हरण्या रोग आला, पानांवर पिवळे पट्टे पडले, निम्मी बाग उपटावी लागली. यंदा त्यांना गवताची काडीही नको होती. पण फवारणी झाली की निंदणाऱ्या बायांचं काम गेलं, आणि त्या घरी नेतात ती घोळ-तांदुळज्याची भाजीही गेली. मी तावातावाने हेच सांगत होते.

अक्कांना वाचता येत नाही. त्यांनी फोटो पाहिले आणि एकावर बोट ठेवलं.

"हे शेंदाड कोनी घातलं यात?"

"मी. का?"

"हे ठेवलं त हरण्या येईनच. मंग फवारनीचा पंप तूच घे वं माय. आबाले कायले बोलते?"

बाया हसल्या. आबा तर जास्तच.

केळीजवळ काकडी-भोपळा लावायचा नाही, त्यातून हरण्या येतो, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. शेंदाड ही रानातली काकडीच, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. आणि मी वनस्पतिशास्त्र घेऊन पास झालेली. कॉलेजने कुळांची लांबलचक नावं पाठ करून घेतली, वेल एकदाही हातात दिली नाही. याचा मला अजून राग येतो.

अक्कांनी दिली. "पान खरबरीत पाहाय. देठापासून स्प्रिंगवानी धागा निंघते. अन् एखाद्या तरी फुलाच्या बुडी, उमलाच्या आधीच, बारकं फळ. तिन्ही दिसलं का ते काकडीच्या घरचं. नाव म्हाईत नसो."

मग त्या ओळींमधून निघाल्या. रानकारलं उपटलं, तोंडली उपटली. एक वेल अशी निघाली की तिचं नाव कुणालाच येईना. अक्का थांबल्या नाहीत. फूल उलटं करून मला दाखवलं. बुडाशी मुगाएवढं हिरवं फळ होतं. इतकं स्वच्छ शास्त्र मी कुठल्या वर्गात पाहिलेलं नाही.

दुपारपर्यंत वेलींचा ढीग बागेबाहेर पडला होता. बायांच्या ओट्यांत भाजी होती. आबा ढिगाजवळ उकिडवे बसले, एकेक वेल उचलून फुलाखाली बघत राहिले.

"दर पंधरा दिवसांनी असं करनं होईन का, अक्का?"

"होईन. पयले तो डबा दुकानात वापस करा."

आबांनी डबा पिशवीत घातला आणि मोटरसायकल काढली.