तुपातलं कुंकू आणि लाल कॅलिपर

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कसला मोह पडेल ते सांगता येत नाही. कुणाला एकदम गाणं शिकावंसं वाटतं. कुणी पहाटे उठून धावायला लागतो आणि महिन्याभरात गुडघ्याला पट्टा बांधून बसतो. मला माझ्या गाडीचे कॅलिपर लाल करावेसे वाटले.

कॅलिपर म्हणजे चाकामागची ब्रेकची तबकडी चिमटीत धरणारा लोखंडी पंजा. सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या एका महागड्या गाडीच्या चाकातून तो मला दिसला, लालभडक, रंगपटातून नुकता बाहेर पडलेल्या राजासारखा. माझी गाडी चौदा वर्षांची, रंगाने करडी, स्वभावाने सोशिक. तिच्याही आयुष्यात काही लाल असावं असं मला वाटलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, "त्याने गाडी जास्त थांबणार आहे का?"

तरी मी मालाडला एका पावडर कोटिंगवाल्याकडे, म्हणजे लोखंडावर रंगाची पूड पक्की बसवून देणाऱ्याकडे, जाऊन आलो. त्याने एवढी मोठी यादी सांगितली, की परत येताना मीच गळून गेलो होतो. कॅलिपर गाडीवरून उतरवून आणा, आतला दट्ट्या आणि रबरं काढून आणा, परत बसवताना रबरं नवी घाला, ब्रेक ऑइल नवं भरा, त्यातली हवा काढा. कोटिंग परवडलं असतं, पण मागची वरात परवडण्यासारखी नव्हती.

ही हकिगत मी घरी साग्रसंगीत अभिनयासह सांगत होतो, तेव्हा गॅलरीतून आवाज आला, "बरोबर सांगितलं त्याने."

गॅलरीत माझे सासरे बसले होते. मूळचे कोकणातले. उभी हयात त्यांनी मुलुंडच्या एका शेडमध्ये पावडर कोटिंग करण्यात घालवली. कपाटं, पंख्यांची पाती, हॉस्पिटलच्या खाटा, काय वाट्टेल ते रंगवलं. राहायला जोगेश्वरीला, एका खोलीत, सासूबाई गेल्यापासून एकटेच. पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या डोळ्यांतले मोतीबिंदू काढले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गॅसवर दूध ठेवून विसरले. दूध उतू जाऊन ज्योत विझली, गॅस चालूच राहिला. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. बायको त्यांना "आठ दिवसांसाठी" मुलुंडला आमच्याकडे घेऊन आली आणि खोलीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. त्या आठ दिवसांतला आठवा दिवस अजून उजाडलेला नव्हता. ते रोज विचारायचे, जाऊ का गो घरी? ती म्हणायची, बघू. मग ते गॅलरीत जाऊन बसायचे. आमच्याकडे त्यांना चहासुद्धा हातात मिळायचा. तेच त्यांचं दुखणं होतं, हे मला बरंच उशिरा कळलं.

त्या दिवशी मात्र पाच महिन्यांतलं त्यांचं सगळं बोलणं एकदम बाहेर पडलं. पावडर भट्टीत भाजावी लागते, दोनशे डिग्रीच्या आसपास. आतली रबरं त्यात जळून जातात, म्हणून सगळं सोडवायचं. मग गरिबाने काय करायचं? उष्णता सोसणारा डब्यातला स्प्रे आणायचा, चाक काढायचं आणि कॅलिपर जागेवरच रंगवायचा. "रंग कोणीही मारतो, जावईबुवा. धुणारा पाहिजे," असं म्हणून ते खुर्चीतून उठले.

मी बायकोकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला भीती होती की ते पडतील, कापून घेतील, अर्धवट टाकतील आणि मग आणखी खचतील. स्वयंपाकघरात तिने मला हळू आवाजात दम भरला. मीही हळू आवाजात म्हटलं, एक काम होऊ दे ना त्यांच्या हातचं. ती बाहेर जाऊन त्यांना म्हणाली, "बाबा, हे नीट पार पडलं तर किल्लीचं बघू."

आता लाल रंग माझ्या हौसेपुरता उरला नव्हता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम सुरू झालं. ओळखीच्या गॅरेजमधून जॅक आणि गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या आणल्या. मी मोठ्या ऐटीत चार कॅलिपरांना पुरेल एवढा रंग आणला होता. सासऱ्यांनी गाडीखाली वाकून मागच्या चाकामागे पाहिलं आणि सांगितलं की मागे कॅलिपर नाहीतच, बंद डब्यासारखे ड्रम ब्रेक आहेत. चौदा वर्षं मी ती गाडी चालवत होतो. वॉचमनसमोर हे व्हायला नको होतं.

मग त्यांनी पुढची दोन्ही चाकं काढायला लावून मला कामाला जुंपलं. तारेच्या ब्रशने गंज घासायचा, मग ब्रेक क्लीनर, मग बारीक पॉलिश पेपर, मग पुन्हा क्लीनर. तबकडी, रबरं, ब्रेकचा पाइप, सगळ्यावर जुन्या कॅलेंडरची पानं आणि चिकटपट्टी. तेल काढायच्या लहानशा तोंडावर त्यांनी बॉलपेनचं टोपण बसवलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही कॅलिपर न्हाऊन पाटावर बसलेल्या मुलांसारखे दिसायला लागले. सासऱ्यांनी फर्मान काढलं: आता याला कोणी उघडा हात लावायचा नाही. हाताचं तेलसुद्धा रंगाला चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेलो होतो. परतलो तोवर सासऱ्यांची आंघोळ, देवपूजा आणि रंगाचा पहिला हात, तिन्ही उरकली होती. ते गाडीजवळ उभे होते. बायकोही उभी होती. दोघंही डाव्या चाकाकडे बघत होती.

डाव्या कॅलिपरवरचा रंग फाटला होता. ठिकठिकाणी बारीक गोल खळगे, आत उघडं लोखंड, जणू ताटातले बांगडे डोळे वटारून बघताहेत. बायकोचा चेहरा पडलेला होता. रागावली असती तर बरं, असा.

सासरे म्हणाले, "माझो हात थरथरलो गो बाय. वय झाला."

त्यांना मुंबईत इतकी वर्षं झाली, पण काळजाला काही लागलं की त्यांच्या तोंडी मालवणी येते. बायकोने फक्त मान हलवली. मला त्या पर्समधली किल्ली आणखी खोल जाताना दिसली.

मी गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेलो. ती बाजू भिंतीला इतकी लागून होती, की आडवं होऊन शिरावं लागलं आणि माझ्या पोटाने निषेध नोंदवला. उजवा कॅलिपर गुळगुळीत होता. एक ओघळ नाही, एक टिपका नाही. थरथरणारा हात एका बाजूला थरथरतो आणि दुसरीकडे थांबतो, असं कसं होईल? मी परत येऊन डाव्या चाकाशी उकिडवा बसलो. खळगे वाटेल तसे पडलेले नव्हते. ते ओळीत होते. एक उभी ओळ, एक आडवी, टोकं वळलेली, आणि चार कोपऱ्यांत चार ठिपके.

मी काही बोलणार, एवढ्यात बायकोने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्या शेजारी वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "हा स्वस्तिक माझा आहे."

सगळं तिनेच सांगितलं. ते आंघोळीला गेले तेव्हा ती ताट घेऊन खाली आली होती. खंडेनवमी, हत्यारांची पूजा. पान्यांना, जॅकला, ब्रशला कुंकू लावलं. मग वाटलं, ज्या कामावर एवढं अवलंबून आहे त्यालाही लावावं. उभ्या लोखंडावर कोरडं कुंकू ठरेना, म्हणून निरांजनातल्या तुपात कालवलं. उजव्या बाजूला ताट घेऊन शिरता येईना, म्हणून एकालाच. नंतर त्यांचं फर्मान आठवलं तेव्हा घाईघाईने फडक्याने पुसून घेतलं. लाल गेलं. तूप राहिलं. बापाचं काम यशस्वी व्हावं म्हणून तिने देवाला सांगितलं होतं, आणि त्यासाठी वापरलेल्या तुपानेच ते बिघडवलं होतं.

"तुम्हाला दिसला होता, खळग्यांतला स्वस्तिक?" तिने विचारलं.

सासरे चिकटपट्टीचं टोक नखाने दाबत राहिले. "मोतीबिंदू काढलो ना? आता मुंगी पण दिसता."

"मग हात थरथरला का म्हणालात?"

"सणाच्या दिवशी तुका काय बोलू?" ते म्हणाले. मग जरा हसून त्यांनी शेडमधली रीत सांगितली. तिथे खंडेनवमीला पूजा असायची आणि पूजेच्या आधी धुतलेला सगळा माल कपाटात कुलूपबंद व्हायचा, कारण भाविक माणूस रिकामं लोखंड सोडत नाही. "काल मी कुलूप लावूक विसरलो. म्हणजे चूक माझीच. दूध उतू गेला, ती पण माझीच. ती मी नाही म्हणत नाही."

तिने पदराने डोळे पुसले. पदर कॅलिपरपासून लांब धरून.

दुपारी थिनरने तो रंग उतरवला, कॅलिपर पुन्हा घासला, पुन्हा धुतला. या वेळी शेजारी उभं राहून राखण करायला बायको होती, आणि ती मलाही जवळ येऊ देईना. सासऱ्यांनी पातळ पातळ तीन हात दिले, प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबून. एकदाही घाई केली नाही. उरलेल्या रंगातून त्यांनी मागची चाकंही काढायला लावून तिथले ड्रम लाल करून टाकले, माझ्या अज्ञानाची भरपाई म्हणून. दसऱ्याला रंग पुरता वाळू दिला. संध्याकाळी चाकं चढवली, नट आवळले, आणि मी हौसेने चार पावलं मागे जाऊन पाहिलं.

काही दिसेना. माझ्या गाडीच्या चाकांवर प्लास्टिकच्या टोप्या आहेत, मीच सवयीने परत बसवलेल्या. पार आतपर्यंत झाकणाऱ्या. चौदा वर्षं.

टोप्या मी काढून टाकल्या. आता चाकं उघडी, काळी आणि गंजकी दिसतात, पण आत बघाल तर लाल आहे.

पुढच्या रविवारी त्याच गाडीतून आम्ही सासऱ्यांना जोगेश्वरीला सोडायला गेलो. ठरलं होतं की गॅसला आपोआप बंद होणारी शेगडी घ्यायची आणि रोज सकाळी सातला फोन करायचा. दारापाशी बायकोने पर्स उघडली. एक कप्पा, दुसरा, रुमाल, गोळ्या, बिलं. किल्ली दुसऱ्या पर्समध्ये, मुलुंडला. ती रडवेली झाली.

सासऱ्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

बायको बघतच राहिली. "ही कधीपासून तुमच्याकडे?"

"पयल्यापासून," ते म्हणाले आणि आत जाऊन खिडकी उघडायला लागले. "पण तू हो म्हणाल्याशिवाय कसो येणार?"

मग चहा त्यांनी केला. आम्ही दोघं खाटेवर बसून राहिलो आणि दुधाकडे अजिबात बघितलं नाही.