ओढ्याची ओली कड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. उचगावच्या आमच्या रानात ओढ्याच्या ओल्या वाळूवर हिरवे शिकारी भुंगे धावायचे आणि कोरड्या बांधावर त्यांचेच तपकिरी भाऊबंद. थोरली आक्का आणि मी तंद्री लागेपर्यंत बघत बसायचो.

"न भांडता वाटणी केल्यात बघ. तुला जमंल काय रं?" ती म्हणायची.

पुढं रानातला हक्क सोडताना तिनं एवढंच मागितलं, "ओढ्याची कड हाय तशी ठेव."

मी तिथं भराव घालून ऊस लावला. पुरानं वाळू नेली, असं तिला निपाणीला फोनवर सांगितलं. "पाण्यापुढं काय चालतंय," म्हणून तिनंच माझी समजूत काढली.

डोळे मिटले की हिरवे भुंगे सरीतून वाळू शोधत फिरताना दिसतात. आक्काला खरं सांगणं आणि ती कड मोकळी करणं माझ्याकडून अजून राहिलंय.