सखारामचा शेवटचा शब्द

निवृत्तीनंतरची माझी पोस्टिंग अमेरिकेतल्या नोव्हाय गावची. सून इथल्या कार कंपनीत इंजिनिअर. घरात हुकूम तिचा, मी बिनतक्रार सुभेदार. रोज सकाळी दाढी, फिरणं, चहा. २००६ च्या त्या नोव्हेंबरात दिवसदिवस ऊन पडत नव्हतं आणि फिरायला निघालं तर रस्त्यावर माणूस दिसत नव्हता.

दर रविवारी इथल्या एका हॉलमध्ये मराठीचा वर्ग भरे. तो चालवणाऱ्या वर्षाताईंनी मला फौजेबद्दल बोलायला बोलावलं होतं. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

"काका, एक रिक्वेस्ट होती. मुलांसमोर इंग्लिश वर्ड्स अव्हॉइड कराल का? जरा प्युअर मराठी ऐकू दे त्यांना."

मला हसू आलं आणि रागही आला. आमची पलटण म्हणजे साहेबाची प्लाटून. रंगरूट म्हणजे त्याचा रिक्रूट, संत्री म्हणजे सेंट्री. आमच्या आज्या-पणज्यांनी ते शब्द तोंडात घोळवून आपले करून टाकले. आता ते कुणाला परत करू? तरी ताईंना "बरं" म्हणालो. मला सखारामबद्दल सांगायचं होतं. घरीसुद्धा कधी बोललो नव्हतो.

मुलं खाली बसली होती. मी सुरुवात केली. शिपाई सखाराम सीमेवरच्या आमच्या चौकीचा पहारेकरी. पहाटेची वेळ, दाट धुकं. मी गस्त घेऊन परत येत होतो. रेडिओवर चौकीला कळवलं होतं.

"नाल्याच्या वाटेनं येतोय. ओव्हर."

"रॉजर. संत्रीला सांगतो. ओव्हर."

सखारामला नाल्यात पावलं ऐकू आली. ती आमची नव्हती, आम्ही अजून मागे होतो. पण त्याला कसं कळणार? नियम असा, की आधी आवाज द्यायचा, मग गोळी. तो ओरडला...

इथे मी अडलो. 'थांबा, कोण आहे?' असं म्हणायचं ठरवून आलो होतो. जीभ वळेना. मेलेल्या माणसाच्या तोंडी मी दुसरे शब्द कसे घालू?

"थम! हुकमदार!"

माझा आवाज हॉलभर घुमला. पुढची मुलं दचकली. मग मी समजावून सांगितलं, की हे साहेबाचं 'हू कम्स देअर'. आमच्या पलटणीतले जुने उस्ताद ते असंच शिकवायचे आणि सखाराम तसंच शिकला होता. वर्षाताईंनी मान खाली घातली होती.

"त्या आवाजाच्या रोखानं गोळ्या आल्या," मी म्हणालो. "न ओरडता त्यानं आधी गोळी झाडली असती, तर कदाचित जगला असता. पण धुक्यात समोर आम्ही असतो तर? म्हणून तो ओरडला."

पुढे बसलेल्या एका मुलीनं हळूच विचारलं, "आजोबा, व्हॉट डिड यू से बॅक?"

"हुकमदारला एकच उत्तर असतं, बाळा. दोस्त."

"मग तुम्ही म्हणालात?"

"म्हणालो ना. नाल्यातून धावत येताना सारखा ओरडत होतो, दोस्त, दोस्त. त्याच्या मोर्च्याच्या खंदकात उतरलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तरी म्हणतच होतो."