तपासणीच्या दिवशी सगळी मुले हजर

सुमन टेंगले बाईंना मी प्रथम पाहिले ते दौंडच्या नगरपालिका शाळेत, माझ्या नोकरीच्या पहिल्या सकाळी. त्यांच्या वर्गात वाचता न येणारी मुले अगदी पुढे, टेबलाला खेटून बसली होती. मला वाटले, शिक्षा झाली असावी. बाई हसल्या. "शिक्षा मलाच हाय. लांबून ओरडून घसा बसतो, म्हणून जवळ घेतलीत."

बाई निमोणे गावच्या, मेंढपाळ घरातल्या. लहानपणी घर कळपामागे फिरायचे. परत येईपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असायचा. पुढे घर शेतीत स्थिरावले आणि बाई शिकल्या. त्यामुळे कुरकुंभच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला आलेल्यांची मुले वर्षाच्या मध्येच आमच्याकडे दाखल होत, तेव्हा त्यांचे काय बुडाले आहे हे बाईंना वेगळे सांगावे लागत नसे.

अशीच रिंकू चौथीत आली. घरी भोजपुरी, शाळेत मराठी. वाचन जवळजवळ नाहीच. शाळेच्या तपासणीत काही आले नाही तर हिला गावी आजीकडे पाठवणार, असे वडिलांनी सांगून ठेवले होते. बाहेरचे अधिकारी यायचे असले की कच्च्या मुलांना आदल्या दिवशी 'उद्या नाही आलात तरी चालेल' म्हणण्याची रीत असते. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनीही तसे सुचवले. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, उद्या तिला घरी ठेवलं, तर ती घरीच राहील."

रिंकू आली. अधिकाऱ्यांपुढे वाचताना दुसऱ्याच शब्दाला अडली. शाळेची श्रेणी खाली आली. आमच्यातले एक वयस्क शिक्षक म्हणाले, बाईंच्या कृपेने शाळेचे नाव निघाले. बाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "मग आप्पा, तिचं गणित तुम्हीच घ्या." गंमत म्हणजे आप्पांनी ते वर्षभर घेतले.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी रिंकूच्या घरी गेलो. वडील नुकतेच दिवसाच्या शिफ्टहून आले होते. "मॅडम, इसको कुछ नहीं आता. गाँव भेज देता हूँ."

"नहीं आता, इसलिएच तो मेरे पास भेजो," बाई आपल्या हिंदीत म्हणाल्या. "सब आता होता, तो मेरा क्या काम?"

ते खाली बघत हसले. कधीपर्यंत, असे त्यांनी विचारले. येईपर्यंत, बाई म्हणाल्या.

मग रोज घंटेआधी शाळेच्या व्हरांड्यात बाई आणि रिंकू बसू लागल्या. वर्षाअखेरीस रिंकू अडखळत का होईना, पूर्ण धडा वाचू लागली.

बाईंची माया आम्हा सहकाऱ्यांनाही लाभली. माझी आई पुण्याला दवाखान्यात होती तेव्हा त्यांनी दोन्ही वर्ग सांभाळले. मी आभार मानू लागले, तर म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. आईंना जेवण जातंय का?"

निवृत्तीनंतर बाई शिरूरला मुलाकडे राहतात आणि तिथल्या शाळेतही सकाळी पुढच्या रांगेपाशी जाऊन बसतात. रिंकू यंदा दहावी झाली. गुण बेताचे पडले. बाईंनी पेढे मात्र पहिला नंबर आल्यासारखे वाटले. सुट्टीत ती गावी गेली, आजीला भेटली आणि अकरावीच्या प्रवेशासाठी वेळेवर परत आली.

बाईंनी यंदा साठी गाठली. त्यांना पुढची पुष्कळ वर्षे निरोगी आणि आनंदाची मिळोत. अजून बऱ्याच मुलांना असे परत यायचे आहे.