मोजणी बरोबर होती

ग्रंथालयाच्या तळघरात एकतीस वर्षं पुस्तकं शिवून बाइंडरबाई निवृत्त झाल्या, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना चाकांची निळी बॅग भेट दिली. बॅग झकास होती. पंचाईत एवढीच, की बाई जन्मात कुठे गेल्या नव्हत्या.

कणा मोडलेलं पुस्तक समोर आलं की दोरा कोणता घ्यायचा, खळ पातळ करायची की घट्ट, हे त्या पानांवरून नुसतं बोट फिरवून सांगत. तिथे त्यांचा शब्द शेवटचा. पण जिना चढून घरी आलं की सगळं ताई ठरवायची. पडदे कुठल्या रंगाचे, डॉक्टर कोणता, झोपायचं कधी. ताई अकाली विधवा झाली आणि लहानग्या लेकीला घेऊन बाईंकडे राहायला आली, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. बाईंनी लग्न केलं नाही. तेही ठरवून नाही, राहून गेलं.

आता मात्र त्यांना डोंगरातली तळी बघायची होती. भूगोलाच्या एका जाड पुस्तकात त्या तळ्यांचं चित्र होतं आणि ते पुस्तक त्यांनी तीन वेळा बांधलं होतं.

ताईचं म्हणणं, सहलीच्या मंडळींबरोबर जा, वाटेत चक्कर आली तर पाण्याचा घोट द्यायला कुणी हवं. भाची आता कामानिमित्त चार गावं एकटी फिरायची. ती म्हणाली, त्या सहलवाल्यांच्या शिट्टीमागे मेंढरासारखी धावणार का तू मावशी, एकटी जा, हवं तिथे हवं तेवढं थांब. बाईंना दोघींचंही पटायचं. जी शेवटी बोलेल तिचं जास्त. दोन महिने त्यांचं असं तळ्यात-मळ्यात चाललं. सहल कंपनीच्या कार्यालयात त्या दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा कोरा अर्ज घेऊन परतल्या. तिसऱ्या खेपेला कारकुनाने एकच जागा उरल्याचं सांगितलं आणि अर्ज स्वतःच भरून टाकला. बाईंनी खाली सही केली. आपण ठरवलं की आपलं ठरलं, याचा विचार करत त्या घरी आल्या.

सहलीत माणसं बत्तीस. म्होरक्या निवृत्त कवायत शिक्षक होता. बस सुटण्याआधी तो शिट्टी फुंकायचा आणि मधल्या वाटेने चालत डोकी मोजायचा. पहिल्या दिवशी बाईंना हसू आलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की मोजणी आपल्यापाशी आली की आपण ताठ बसतो, आणि आपण कुणाच्या तरी हिशोबात आहोत हे आपल्याला आवडतं. शेजारी बसणारी जाडजूड नर्सबाई स्वभावाने लाघवी होती. पण पहिल्या तळ्याकाठी नजर जेमतेम स्थिरावते तोच शिट्टी झाली, तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तिसऱ्या दिवशी एका छोट्या गावात चहासाठी अर्धा तास मिळाला. चहाच्या दुकानामागच्या गल्लीत त्यांना ओळखीचा वास आला. खळीचा. एक म्हातारा बाइंडर खिडकीशी बसून पुस्तक शिवत होता. बाई दारात घुटमळल्या, मग आत गेल्या, मग त्याच्या हातातली सुई कधी त्यांच्या हातात आली ते दोघांनाही कळलं नाही. बोलणं फारसं झालंच नाही. अर्धं पुस्तक शिवून त्या बाहेर आल्या तर बस गेलेली.

फोन आला तो वीस मिनिटांनी.

“बाई, तुम्ही बसमध्ये नाही?” कवायत शिक्षकाचा आवाज पार उतरला होता.

“नाही.”

“पण मोजणी बरोबर होती.”

मोजणी खरंच बरोबर होती. दुसऱ्याच सहलीतली एक बाई चुकून या बसमध्ये चढली होती, बाईंच्या जागेवर बसून तोंडावर ओढणी घेऊन झोपली होती. नर्सबाईला बस लागते म्हणून ती नेमकी पुढे जाऊन बसली होती. त्या झोपलेल्या बाईची मंडळी पुढच्या नाक्यावरच भेटल्याने तिचं निस्तरलं. मागे राहिल्या त्या आपल्या बाई. शिक्षक म्हणाला, बस मागे आणतो, मात्र सगळ्यांचं आजचं तळं बुडेल; नाहीतर तिथून चारची आगगाडी आहे, ती मुक्कामाच्या गावी सहापर्यंत पोचते. तुम्हीच सांगा.

बाईंनी थोडा वेळ मागून घेतला आणि सवयीने ताईला फोन लावला. ताईने सगळं ऐकून घेतलं.

“मला काय विचारतेस?” ती म्हणाली. “मी तरी कुठे गेलेय कधी?”

हे बाईंच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बसच्या प्रवासाबद्दल, चक्कर येण्याबद्दल, चोरांबद्दल ताई इतक्या ठामपणे बोलायची, की तिने सगळं पाहिलं असणार असंच त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी शिक्षकाला बस आणू नका म्हणून कळवलं, आणि फोन ठेवल्या क्षणी त्यांना पस्तावा झाला.

गाडीचा डबा जवळजवळ रिकामा होता. बोगदा संपला आणि खाली तळं दिसलं, चित्रातल्यासारखं निळं नाही, राखाडी, वाऱ्याने सुरकुतलेलं. गाडी त्याच्या काठाकाठाने सावकाश जात राहिली. कुणी शिट्टी फुंकली नाही. बाईंचं मन भरून आलं आणि त्या “अगं, बघ” म्हणत शेजारी वळल्या. शेजारी कुणी नव्हतं. समोर एक प्रवासी तोंड उघडं टाकून झोपला होता. इतका आनंद झालेला आणि ठेवायला जागा नाही, अशी त्यांची गत झाली.

फलाटावर शिक्षक आणि नर्सबाई उभे होते. नर्सबाईने आधी झापलं, मग मिठी मारली. जेवताना एकतीस जणांनी एकतीस वेळा विचारलं, काय पाहिलंत, भीती नाही वाटली? बाई सांगू लागल्या की कुणीतरी मध्येच आपली गोष्ट सुरू करी. डब्यात माणसांसाठी जीव तुटत होता, आणि आता माणसांत तो रिकामा डबा आठवत होता. आपल्याला नक्की हवंय तरी काय, हे त्यांना काही उमगेना.

घरी आल्यावर भाचीने विचारलं, मग, एकटं बरं की मंडळींबरोबर? बाईंनी खरं ते सांगितलं, की माहीत नाही. मग त्या ताईकडे वळल्या.

“तू चल ना एकदा.”

ताईने गुडघ्यांचं कारण पुढे केलं. दोन दिवसांनी जिन्यात तिने शेजारणीला विचारलं, चालायला बरे पडतील असे बूट कुठे मिळतात.

पुढच्या महिन्यात दोघी समुद्रावर जाणार आहेत. सहलीबरोबर की दोघीच, ते अजून ठरलेलं नाही. ताई म्हणते, तू जाऊन आलीस, तू ठरव. बाई म्हणतात, आजवर तूच ठरवत आलीस, तूच ठरव.